खेळ शौकिनाचा, जीव रेड्याचा

वाचकहो, आपली मुलेमुली सैन्यातली सेवा संपली की सहा महिने, वर्षभर जग पाहायला बाहेर पडतात. कोणी कोकणात जाऊन आजोळचे गाव पाहून येतो, कोणी दक्षिण अमेरिकेला जातो, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यात वाईट काही नाही. चार मुलुख पाहिले की माणूस शहाणा होतो, असे आपले वाडवडीलही म्हणत. परंतु या प्रवासात पैसे टाकून विकत मिळणाऱ्या एका करमणुकीबद्दल चार शब्द लिहिणे आम्हाला भाग आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेस, अर्नहेम लँड नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे मोकाट सुटून रानटी झालेल्या म्हशींचे मोठे कळप आहेत. हजारो डॉलर मोजणाऱ्या शौकिनास तेथे नेऊन एखादा मोठ्या शिंगांचा रेडा मारू देण्याचा धंदा कित्येक वर्षे चालू आहे. पुष्कळ जण तो बंदुकीने मारतात. ज्यांना त्याहून अधिक मर्दुमकी हवी असते ते जुन्या धर्तीचे धनुष्य घेऊन जातात. या धनुष्याला नेम धरण्याचे भिंग नाही, दोरी ताणायला मदत करणारी चाके नाहीत. आहे तो फक्त हात, डोळा आणि सराव. या प्रकाराचे कौतुक आता आपल्या घरांतही होऊ लागले आहे. आमचा विरोध नेमका याला आहे.

कौतुक करणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, हे जनावर त्या भूमीचा नाश करते, तेव्हा ते मारणे हे उपकाराचेच काम. दुसरी, धनुष्य हे प्राचीन आणि प्रामाणिक हत्यार आहे, त्यात जनावरालाही संधी मिळते. तिसरी, बाण नीट लागला तर मरण सोपे येते. या तिन्ही गोष्टी आम्ही तपासणार आहोत. तत्पूर्वी आमचा पक्ष स्पष्ट सांगतो. आम्ही मांसाहारी माणसे आहोत. जनावर मारूच नये असे आमचे म्हणणे नाही. माणसाने सोडून दिलेले जनावर मारणे भाग पडले, तर त्याला लवकरात लवकर मरण देणे हे माणसाचे देणे आहे. जो मुद्दाम अवघड हत्यार हाती घेतो, तो आपल्या खेळाचा खर्च त्या जनावराच्या अंगावर टाकतो.

प्रथम हे रेडे तेथे आले कसे ते पाहू. म्हैस ही ऑस्ट्रेलियातली नव्हे. इंग्रजांनी १८२४ ते १८४९ या काळात त्या किनाऱ्यावर मेलव्हिल बेट, रॅफल्स बे आणि पोर्ट एसिंग्टन येथे एकामागून एक वसाहती घातल्या. मांसासाठी व कामासाठी त्यांनी तिमोर बेटाच्या बाजूने म्हशी आणवल्या. हवा मानवली नाही, रोगराई झाली, वसाहती एकेक करून मोडल्या. माणसे जहाजात बसून निघून गेली, म्हशी तेथेच राहिल्या. पाणथळ जमीन, भरपूर गवत आणि वाघासारखा शत्रू नाही, त्यामुळे त्या वाढल्या. पुढे १८८०च्या सुमारास कातड्याचा व्यापार सुरू झाला आणि १९५० नंतर तोही बसला. १९८०च्या दशकात त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली होती.

ही आपल्या म्हशीचीच बहीण. पूर्वेकडच्या भातशेतीत नांगराला जुंपतात ती ही जात. कोकणात भाताच्या चिखलणीला रेड्यांचे जोत जुंपलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या जनावराचा स्वभाव सांगायला नको. मराठीत 'मोकाट' हा शब्द आहे. वाघाला किंवा हरणाला कोणी मोकाट म्हणत नाही. ज्याला कधी काळी धनी होता आणि त्या धन्याने ज्याची काळजी घेणे सोडले, ते जनावर मोकाट. म्हणजे त्या शब्दात दोष सांगितला आहे तो धन्याचा. हैफाच्या रस्त्यांवर हिंडणारी रानडुकरे मूळचीच या भूमीतली आहेत, त्यांचा वाद निराळा. अर्नहेम लँडचा रेडा मात्र माणसाने नेला आणि माणसाने टाकला.

आता पहिला मुद्दा. या म्हशी नुकसान करतात हे खरे आहे. त्या चिखलात लोळतात, काठ तुडवतात. त्यांच्या नेहमीच्या येण्याजाण्याने पाणथळीत चर पडतात, त्या चरांतून समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यात शिरते आणि झाडे उभीच्या उभी वाळतात. शिवाय त्या क्षयरोग पसरवू शकतात. म्हणून ऑस्ट्रेलिया सरकारने १९७० पासून ब्रुसेलोसिस व क्षयरोग निर्मूलनाची मोठी मोहीम चालवली. लक्षावधी म्हशी व गुरे काही धरून कत्तलखान्यात पाठवली, काही हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारली. १९९७ साली तो देश जनावरांच्या क्षयरोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. कठोर काम होते, पण त्याला हेतू होता, हिशेब होता आणि शेवट होता.

बाण घेऊन जाणाऱ्या शौकिनाचा या कामाला काय हातभार लागतो? तो आठवडाभर रानात राहतो आणि एक रेडा मारतो, फार तर दोन. तोही कोणता? वयाने मोठा, शिंगांनी रुंद. गुरे पाळलेल्या कोणालाही विचारा. कळपातला एक रेडा कमी झाला म्हणून त्या वर्षी पारडी कमी होत नाहीत, त्याच्या जागी दुसरा उभाच असतो. संख्या कमी करायची तर म्हशी मारल्या पाहिजेत आणि त्या पुष्कळ मारल्या पाहिजेत. भिंतीवर टांगायला म्हशीची शिंगे कोणी हजारो डॉलर देऊन घेत नाही. उलट, ज्याचा धंदा मोठ्या रेड्यांवर चालतो, त्याला ते रेडे पुढच्या वर्षीही हवे असतात. पीक जपणारा आणि तण उपटणारा एकच, असे कसे होईल?

याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मोकाट डुकरांचा उपद्रव वाढला, तेव्हा १९९९ साली तेथील वन्यजीव खात्याने सर्व राज्यात डुकरांच्या शिकारीस मोकळीक दिली. वाटले होते, शिकारीच ती संपवतील. घडले उलटेच. शिकारीची सोय व्हावी म्हणून लोकांनी चोरून नव्या नव्या रानांत डुकरे नेऊन सोडली. २०११ पर्यंत राज्याच्या ९५ परगण्यांपैकी जवळजवळ ८० परगण्यांत डुकरांची वस्ती झाली. अखेर त्या वर्षी खात्याने डुकराला शिकारीच्या जनावरांतून वगळले आणि उपद्रवी जनावर ठरवले. शौक आणि निर्मूलन यांची गाठ घातली की निर्मूलन मागे पडते आणि शौक पुढे जातो, तो असा.

दुसरा मुद्दा परंपरेचा. 'ट्रॅडिशनल' हा शब्द या मंडळींच्या तोंडी फार. आम्ही विचारतो, परंपरा कोणाची? ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील मूळ रहिवाशांकडे धनुष्य नव्हतेच. ते भाला वापरीत आणि भाला लांब जावा म्हणून फेकणीची काठी वापरीत. धनुष्य होते ते त्याहून उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर. म्हणजे हत्यार इंग्लंड-अमेरिकेच्या धर्तीचे, जनावर आशियातले, शिकारी विमानाने आलेला. त्या मातीतले काय ते फक्त गवत आणि पाणी. आज तेथील मूळ रहिवासी मांसासाठी म्हैस मारतात तेव्हा बंदूकच घेतात. ज्यांना ती खायची आहे त्यांना धनुष्याची हौस नाही.

हे धनुष्यही तितके जुने नाही. त्याच्या काठीला बहुधा फायबरग्लासचे थर असतात, दोरी कृत्रिम धाग्याची असते, बाणाचे पाते कारखान्यातल्या पोलादाचे असते. सोयीचे तेवढे नवे घेतले आहे. जुने ठेवले आहे ते फक्त नेम चुकण्याचे भय.

अमेरिकेत या छंदाचा पाया घातला सॅक्स्टन पोप या डॉक्टरने. त्याला धनुर्विद्या शिकवणारा इशी हा याही जमातीचा अखेरचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांचा संहार केला होता. १९११ साली तो एकटाच डोंगरातून खाली आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. इशीने धनुष्य उचलले ते पोटासाठी, कारण त्याच्या वाट्याला दुसरे काही आलेच नाही. पोपने १९२३ साली आपले पुस्तक लिहिले आणि १९२५ साली मित्राला घेऊन आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीला गेला. त्यांच्या मागे बंदूकधारी शिकारी उभा होता. उपाशी माणसाचे हत्यार भरल्या पोटाच्या माणसाने खेळायला घेतले, असा हा इतिहास आहे.

आपल्या कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरांतले कातकरी तिरकमठा घेऊन रानात जात. घरातल्या भाकरीला तोंडीलावणे मिळावे हा त्यांचा उद्देश. त्यांना कोणी नावे ठेवील तर आम्ही त्याला नावे ठेवू. पण हाती बंदूक असती तर त्या कातकऱ्याने ती घेतली असती, की 'माझी परीक्षा पाहायची आहे' म्हणून तिरकमठाच घेतला असता? उत्तर वाचकांनीच द्यावे.

'जनावराला संधी मिळते' असेही म्हणतात. कसली संधी? संधी तीच, की जीव वाचवून धडधाकट पळून जावे. तशी संधी बाण सुटेपर्यंत असते, त्याला आमची हरकत नाही. बाण लागल्यावर जी उरते ती पोटात किंवा खांद्यात पाते घेऊन पळण्याची संधी. तिला संधी म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

आता तिसरा आणि खरा मुद्दा, मरण सोपे येण्याचा. बाणाचे काम गोळीपेक्षा निराळे आहे. गोळी आपल्या वेगाने आतले भाग फोडते. बाण कापतो, आणि जनावर रक्त जाऊन मरते. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पाते पार गेले तर जनावर थोड्याच वेळात कोसळते, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. प्रश्न आहे तो पाते तेथे न गेल्यास काय होते याचा.

साधा हिशेब करू. जुन्या धर्तीच्या धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटर जातो. जनावर वीस मीटरवर आहे असे धरा. चांगले तिरंदाजही जुन्या धनुष्याने याहून फार लांबून मारू नये असेच सांगतात. बाणाला तेथे पोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे तो ०.०६ सेकंदात जनावराच्या कानी पडतो. बाण येईपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. सावध जनावराला दचकून वळायला तेवढा पुरतो. मग काळजाचा नेम धरलेला बाण पोटात शिरतो. शिकाऱ्याने नेम अचूक धरला होता, हात स्थिर होता, तरीही. रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास जाते. आवाज जनावरापर्यंत पोचण्याआधी ती पोचलेली असते.

त्यात हे जनावर केवढे! पूर्ण वाढलेला रेडा एक टनापर्यंत भरतो. जाड कातडे, रुंद बरगड्या, खांद्याचे भक्कम हाड. पाते बरगडीवर किंवा खांद्यावर आदळले तर आत शिरतच नाही, किंवा अर्धवट शिरते. मोठ्या डुकराच्या खांद्यावरही कठीण कुर्चेचे कवच असते. असे अर्धवट लागलेले जनावर दाट झाडीत, दलदलीत शिरते. अंधार पडला की माग निघत नाही. पोटात पाते लागलेल्या रेड्याला मरायला तास लागतील की दिवस, हे पाहायला तेथे कोणीच नसते.

अशी जनावरे किती, याची एक चांगली नोंद हरणांची आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील एका नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुष्याने केलेल्या शिकारीचा तपास ठेवला गेला. तेथले तिरंदाज नेमबाजीची परीक्षा देऊन आलेले होते आणि त्यांची धनुष्ये आधुनिक होती. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत. त्यातली काही वाचलीही असतील. पण हरीण म्हणजे नाजूक कातड्याचे, माणसाएवढ्या वजनाचे जनावर. जुने धनुष्य आणि टनाचा रेडा अशी जोडी झाल्यावर हिशेब सुधारेल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आम्हाला जरूर समजावून सांगावे.

आणि एक गोष्ट पाहा. रेडा जखमी झाला की अंगावर येतो. म्हणून अशा शिकारीत तिरंदाजाच्या मागे मोठ्या नळीची भरलेली रायफल घेऊन वाटाड्या उभा असतो. बाण चुकला आणि रेडा वळला, तर तो गोळी घालतो. म्हणजे खात्रीचे हत्यार तेथे हजर आहे, चालवणारा हातही हजर आहे. फक्त ते राखून ठेवले आहे माणसाच्या जिवासाठी. माणसावर बेतले तर एका क्षणात गोळी. रेड्यावर बेतले तर 'थांबा, शौकिनाचा खेळ व्हायचा आहे.' या छंदाला धैर्य म्हणतात ते धैर्य कोणाच्या जिवावर, हे यावरून उघड होते. मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव, ही म्हण आपल्या आज्यांनी अशाच माणसांसाठी राखून ठेवली असावी.

ज्या इंग्लंडने मोठ्या धनुष्याच्या जोरावर १४१५ साली अजिंकूरची लढाई जिंकली आणि अजून जे त्याचा अभिमान सांगते, त्या देशाने १९८१च्या कायद्याने कोणताही रानटी प्राणी धनुष्याने मारण्यास मनाई केली आहे. निशाणावर बाण मारण्यास तेथे कोणाचीच ना नाही. कला जपायला जिवंत निशाण लागत नाही, हे त्यांना कळले.

आपल्या धर्माचा येथे संबंध येतो म्हणून थोडे त्याविषयी. तोरामध्ये धनुष्य आणि भाता घेऊन रानात शिकारीला जाणारा एसाव आहे; याकोब तंबूत राहणारा आहे. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेज्केल लांडाऊ यांना एका धनवान यहुद्याने विचारले, माझ्या मालकीची राने आहेत, मी बंदूक घेऊन शिकार करावी काय? पोटासाठी शिकार करणाऱ्याची गोष्ट रब्बींनी वेगळी काढली. पण केवळ हौसेखातर जीव घेणे हा अब्राहामाच्या लेकरांचा मार्ग नव्हे, शिकारी म्हणून नाव आहे ते निम्रोद आणि एसाव यांचे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. बाणाने मारलेले जनावर आपल्याला खाताही येत नाही. शोहेत सुरीच्या धारेवरून नख फिरवून पाहतो. इवलीशी खाच आढळली तरी ती सुरी चालत नाही. ज्यांच्या घरी सुरीची खाच पाहिली जाते, त्यांच्या मुलाने वीस मीटरवरून 'लागला तर लागला' म्हणून बाण सोडावा?

आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या दिवशी तेली बसे, तसा बैलही उभा राही. मुक्या जनावराचा थकवा हाही मोजण्याचा विषय आहे, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. दर शब्बाथला ते डोळ्यांनी दिसत होते.

आक्षेप घेणारे म्हणतील, या शिकारीचा पैसा तेथील मूळ रहिवाशांना मिळतो, तो तुम्ही बुडवणार का? आम्ही बुडवू इच्छीत नाही. ती जमीन त्यांची, तिथल्या म्हशींचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. म्हशी जिवंत धरून जहाजाने आग्नेय आशियात पाठवतात, मांसासाठी विकतात, बंदुकीच्या शिकारीलाही पैसा मिळतो. आमचे भांडण त्यांच्याशी नसून आपल्या मुलांच्या हातातल्या निवडीशी आहे. दुसरे कोणी म्हणेल, हेलिकॉप्टरमधून मारणे तरी कोठे दयेचे? दयेचे नाही, गरजेचे आहे. पण तेथे शिकलेला नेमबाज असतो, पहिली गोळी चुकली तर दुसरी लगेच घालता येते, आणि कोणी मुद्दाम अवघड हत्यार घेत नाही.

तेव्हा ज्याला धनुर्विद्या आवडते त्याने ती खुशाल शिकावी. आपल्याकडे मैदाने आहेत, गवताची निशाणे आहेत. ज्याला ऑस्ट्रेलियाच्या पाणथळींची कळकळ आहे त्याने काठावरची कुंपणे बांधायला, तण उपटायला हात लावावा. आईबापांनीही मुलाने पाठवलेला शिंगांसकटचा फोटो नातेवाइकांना दाखवण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे: "बाळा, बाण लागल्यावर तो किती वेळ जिवंत होता?" आमचे म्हणणे ज्यांना पटले नसेल त्यांनी विरोधी पत्र अवश्य पाठवावे. फक्त त्या पत्रात या प्रश्नाचे उत्तर असावे, एवढीच आमची विनंती.